दाराला कार्ड सिस्टीम बसवताय? पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अभ्यासिका, जिम, हॉस्टेल आणि छोटं लॉज यांच्या सुरुवातीच्या खर्चाबद्दल बोललो. फर्निचर, डिपॉझिट, इन्व्हर्टर, कॅमेरे असं सगळं आलं. दाराच्या कार्ड सिस्टीमसाठी मात्र तिथे दोनच मिनिटं मिळाली. हा विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहिते.

चॅनलवर नवीन असाल तर थोडक्यात ओळख. सांगलीत माझं आयडी कार्ड छपाईचं दुकान आहे. बीबीए झाल्यावर सुरू केलं. शाळा, पतसंस्था, कारखाने यांची कार्डं आम्ही छापतो आणि दाराला लागणारी कोरी कार्डंही विकतो. शनिवार-रविवारी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नवउद्योजकांचे ट्रेनिंग क्लास घेते. म्हणजे आज मी दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच धंद्यातल्या मालाबद्दल बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. दाराला लावायची जी स्वस्त कार्ड सिस्टीम आपल्याकडे सर्रास विकली जाते, ती हजेरीसाठी आणि सोयीसाठी ठीक आहे. सुरक्षेसाठी ती पुरेशी नाही. विकणाऱ्याने हे कोटेशनवर लिहून द्यायला पाहिजे, आणि त्याने दिलं नाही तर आपण मागून घ्यायला पाहिजे. "सिक्युरिटी सिस्टीम" असं बिलावर छापलं म्हणून ती सिक्युरिटी होत नाही.

कार्ड नेमकं करतं काय?

समजा तुमच्या दारात एक वॉचमन उभा आहे. त्याच्याकडे एक वही आहे. तो येणाऱ्याचं तोंड बघत नाही, नाव विचारत नाही, फक्त नंबर विचारतो. येणारा म्हणाला "चार दोन एक सात", वहीत ४२१७ आहे, की लगेच "जा आत".

सगळ्यात स्वस्त कार्ड असंच चालतं. त्याला १२५ किलोहर्ट्झचं कार्ड म्हणतात. बाजारात "प्रॉक्सिमिटी कार्ड" किंवा नुसतं "आरएफआयडी कार्ड" म्हणूनही मिळतं. जाड पांढरं कार्ड किंवा किचेनला लावायचा निळा टॅग तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत एक चिप आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. बॅटरी नसते. रीडरजवळ नेलं की रीडरच्याच लहरींवर ती चिप जागी होते आणि आपला ठरलेला नंबर सांगायला लागते.

अडचण इथेच आहे. ती चिप कुणाला नंबर सांगतोय हे तपासतच नाही. तुमच्या दारावरच्या रीडरने विचारलं तरी सांगते आणि दुसऱ्या कुणाच्या हातातल्या मशीनने विचारलं तरी सांगते. तोच नंबर दुसऱ्या कोऱ्या कार्डावर लिहिता येतो. मग वॉचमनला दोन्ही कार्डं सारखीच. त्याला खरं-खोटं कळायला मार्गच नाही. असं कॉपी करणारं हातातलं मशीन ऑनलाइन साध्या मिक्सरपेक्षाही कमी किमतीत मिळतं. त्याला इंजिनिअर लागत नाही.

दुसरा प्रकार १३.५६ मेगाहर्ट्झचा. त्यात सगळ्यात जास्त खपलेलं नाव म्हणजे मायफेअर क्लासिक. हे कार्ड १९९४ मध्ये आलं. यात वॉचमन नुसता नंबर विचारत नाही, परवलीचा शब्दही विचारतो. गडाच्या दरवाजावर रात्री परवल विचारायचे, तसंच. कल्पना चांगली होती, पण ती परवल तपासण्याचं गणित कच्चं निघालं. कंपनीने ते गणित गुप्त ठेवलं होतं. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या दोन संशोधकांनी चिप उघडून, मायक्रोस्कोपखाली बघून ते कसं शोधलं हे दाखवलं. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी असं कार्ड कॉपी करून दाखवलं. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी हा पेपर छापू नये म्हणून कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये कोर्टाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं, आणि पेपर छापला गेला.

म्हणजे हे कार्ड कच्चं आहे ही गोष्ट जगाला २००८ पासून माहीत आहे. तरीही आज कोटेशनवर "हाय सिक्युरिटी मायफेअर" असं लिहून ते विकलं जातं. माझा राग कार्डावर नाही, या शब्दांवर आहे.

अजून एक गंमत बघा. बरेच स्वस्त रीडर मायफेअर कार्ड घेतात, पण परवल विचारतच नाहीत. कार्डाचा वरचा सीरियल नंबर वाचतात आणि दार उघडतात. म्हणजे पैसे दुसऱ्या प्रकारच्या कार्डाचे गेले आणि काम पहिल्या प्रकारचंच झालं.

तिसरा प्रकार म्हणजे मायफेअर डेस्फायर, त्यातही ईव्ही२ किंवा ईव्ही३. यात रीडर प्रत्येक वेळी नवीन कोडं घालतो. ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे तेच कार्ड त्याचं उत्तर देऊ शकतं. आजचं उत्तर कुणी चोरून ऐकलं तरी उद्या उपयोगाचं नाही, कारण उद्या कोडं वेगळं असणार. दाराला सुरक्षा हवी असेल तर या प्रकाराबद्दल विचारायचं.

एटीएम कार्डाने शिकवलेला धडा

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय?" असं काहींना वाटेल. दाराचं कार्ड कॉपी झालं तर पेपरात बातमी येत नाही, कारण बहुतेकदा मालकालाच कळत नाही. पण कार्ड कॉपी झाल्याची एक घटना महाराष्ट्रातल्या सगळ्यांना आठवत असेल: पुण्याची कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८.

११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट डेबिट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. भारतातल्या एटीएममधूनही काढले, त्यात आपल्या शेजारचं कोल्हापूरही होतं. १३ ऑगस्टला हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम वळवली गेली. एकूण आकडा ९४ कोटी रुपयांच्या पुढे. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एक, कार्डं कॉपी झाली. दोन, "हे कार्ड खरं आहे का?" असं एटीएमने विचारल्यावर बँकेच्या सिस्टीमने उत्तर द्यायचं असतं, तिथेच चोरांनी स्वतःची खोटी व्यवस्था घुसवली होती, आणि ती प्रत्येकाला "हो" म्हणत होती.

आता तुमच्या दाराकडे या. तुमच्याकडेही दोनच प्रश्न आहेत. कार्ड कॉपी होऊ शकतं का? आणि "हो" म्हणणारी वस्तू कुठे बसवली आहे, तिच्यापर्यंत कोण पोहोचू शकतं? दार सुरक्षित आहे की नाही हे या दोन उत्तरांवर ठरतं. कार्डाच्या रंगावर आणि रीडरच्या लाईटवर नाही.

एटीएम कार्डाच्या मागची काळी पट्टीही आपल्या १२५ किलोहर्ट्झच्या कार्डासारखीच होती. ठरलेली माहिती, कुणीही वाचावी. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना चिपचं कार्ड द्यायला सांगितलं आणि ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठेवली. तुमच्या-माझ्या खिशातलं कार्ड तेव्हा बदललं. पैशाचं कार्ड बदललं, दाराचं कार्ड मात्र तिथेच राहिलं. का? कारण बँकेला सांगणारी रिझर्व्ह बँक आहे. तुमच्या अभ्यासिकेला सांगणारं कुणी नाही. तिथे तुम्हालाच रिझर्व्ह बँक व्हायचं आहे.

लॉज, होमस्टे, हॉस्टेलवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा

सातारच्या बॅचमध्ये दर वेळी कुणीतरी महाबळेश्वर, पाचगणी नाहीतर वाईकडे होमस्टे किंवा छोटं हॉटेल काढणारं असतंच. त्यांना खोलीच्या दाराला कार्डाचं कुलूप हवं असतं, कारण पाहुण्यांना ते "स्टँडर्ड" वाटतं. लावा, माझी ना नाही. पण आधी हा इतिहास माहीत असू द्या.

२००३ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलच्या खोलीतून एका सुरक्षा संशोधकाचा लॅपटॉप गेला. दार फोडल्याची खूण नाही, कुलपाच्या सिस्टीममध्ये कुणी आत आल्याची नोंद नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी हा विषय सोडला नाही. फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीतल्या टोमी टुओमिनेन आणि टिमो हिर्व्होनेन या दोघांनी एप्रिल २०१८ मध्ये दाखवून दिलं, की व्हिंगकार्ड व्हिजन नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कुलपांची मास्टर किल्ली कुठल्याही एका जुन्या, मुदत संपलेल्या कार्डावरून बनवता येत होती. कंपनीने त्यावर दुरुस्ती काढली.

त्याआधी २०१२ मध्ये कोडी ब्रोशियस या तरुणाने अमेरिकेत ऑनिटी कंपनीच्या हॉटेल कुलपांमधली त्रुटी जाहीर केली. कुलपाच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र होतं, स्टाफला प्रोग्रॅमिंग करायला ठेवलेलं. तिथेच एक स्वस्त, घरी बनवलेलं उपकरण जोडलं की दार उघडायचं. काही आठवड्यांतच ह्यूस्टनच्या हॉटेलमध्ये या पद्धतीने चोरी झाली आणि पोलिसांनी एकाला पकडलं.

त्यानंतर मार्च २०२४. लेनर्ट वाउटर्स, इयन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साफ्लोक कुलपांची त्रुटी जाहीर केली. १३१ देश, १३,००० ठिकाणं आणि सुमारे ३० लाख दारं. त्यांनी कंपनीला हे सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं होतं. दीड वर्षाने, जाहीर करायच्या वेळी, त्यातली ३६ टक्केच कुलपं दुरुस्त किंवा बदलून झाली होती. आणि त्या कुलपांचं कार्ड कोणतं होतं? तेच आपलं मायफेअर क्लासिक.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या क्वार्क्सलॅब कंपनीने आणखी एक गोष्ट बाहेर आणली. चीनच्या फुदान कंपनीच्या मायफेअर क्लासिकशी जुळणाऱ्या चिपमध्ये एक छुपी किल्ली आहे, जी त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांना चालते. ही कार्डं अमेरिका, युरोप आणि भारतातल्या हॉटेलांमध्ये सापडल्याचं त्यांनी नाव घेऊन लिहिलं आहे. विकत घेणाऱ्याला आपल्याकडे कोणती चिप आली हे बहुतेक माहीतच नसतं, असंही त्यांनी म्हटलं. यावर मी दुकानदार म्हणून शंभर टक्के सही करेन. घाऊक बाजारात कार्डांचा जो गठ्ठा येतो त्यावर चिपचं खरं नाव छापलेलं नसतं. "मायफेअर कंपॅटिबल" एवढंच.

आता ३० लाख दारांच्या कंपनीला दीड वर्षात निम्मी दारं दुरुस्त करता आली नाहीत, तर तुमच्या आठ खोल्यांच्या लॉजसाठी कोण धावून येणार? म्हणून माझा साधा नियम आहे: ज्या दारामागे माणूस झोपतो, त्या दाराला आतून साधी लोखंडी कडी नाहीतर चेन पाहिजेच. विजेवर, कार्डावर, सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेली. मुलींचं हॉस्टेल काढणाऱ्यांसाठी तर यात तडजोड नाही. दीडशे-दोनशे रुपयांच्या कडीने जे काम होतं, ते हजारोंचं स्मार्ट कुलूप एकट्याने करेल याची खात्री मी देणार नाही. तुम्हीही पालकांना देऊ नका.

"ताई, आपल्या गावात कोण एवढं करणार?"

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. विट्यात येतो, कऱ्हाडला येतो, मिरजेत येतो. प्रश्न वाजवी आहे, म्हणून नीट उत्तर देते.

तुमच्या दाराला धोका बर्लिनच्या संशोधकाचा नाही. धोका ओळखीच्या माणसाचा आहे. काम सोडून गेलेला पोरगा, फी बंद केलेला मेंबर, खोली सोडलेला भाडेकरू. आमच्या दुकानात लोक अगदी सहज येतात, "या कार्डाची एक झेरॉक्स काढून द्या की" म्हणतात. झेरॉक्स हाच शब्द वापरतात! त्यांच्या मनात चोरी नसते. घरात माणसं चार, कार्डं दोन, एवढाच हिशोब. आम्ही काढून देत नाही. सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र आणा, त्यांच्याच सिस्टीममध्ये नवीन कार्ड नोंदवून घ्या, असं सांगतो. पण सगळीच दुकानं असं सांगतील या भरवशावर तुम्ही धंदा करू नका.

आता आकड्यात बोलू, कारण धंदा आकड्यात कळतो. समजा तुमची ८० खुर्च्यांची अभ्यासिका आहे, महिन्याची फी ९०० रुपये. पोरं एमपीएससीची, पोलीस भरतीची, रात्री-अपरात्री येणारी. दारात माणूस ठेवणं परवडत नाही म्हणून कार्ड. समजा सहा जणांनी मित्राचं कार्ड कॉपी करून घेतलं. महिन्याला ५,४०० रुपये गेले. वर्षाला ६४,८००.

आणि चांगल्या सिस्टीमचा जादा खर्च? प्रत्येक कार्डामागे समजा १२० रुपये जास्त, ८० कार्डांचे ९,६००. रीडरला समजा १०,००० जास्त. मिळून १९,६००, तेही एकदाच. माझे आकडे तुमच्या गावात वर-खाली होतील. तुमचे आकडे घालून कागदावर हाच हिशोब मांडा.

उलट बाजूही सांगते. प्रत्येक दाराला महाग कार्ड लागतंच असं नाही. दारामागे काय आहे ते बघा. नुसतं ऑफिस, दिवसभर माणसं बसलेली, कार्ड फक्त हजेरीसाठी? स्वस्त चालेल, पैसे वाचवा. फीवर चालणारी जागा? मधला विचार करा, कार्डाबरोबर चार आकडी पिन ठेवा. माल, रोकड, कागदपत्रं? कुपवाडच्या एमआयडीसीतलं गोडाऊन असो, तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज असो, तिथे कार्ड हे मुख्य कुलूप होऊच शकत नाही. ते शटरच्या कुलपाच्या जोडीला.

"मग बोटाचं मशीन लावतो" हा पुढचा विचार असतो. बोटाचं मशीन कार्डासारखं मित्राला देता येत नाही, हा फायदा आहे. पण हाताने कष्ट करणाऱ्यांची घासलेली बोटं ते अनेकदा घेत नाही. शिवाय कार्ड चोरीला गेलं तर नवीन देता येतं, बोटाचा ठसा चोरीला गेला तर नवीन बोट कुठून देणार? लोकांचे ठसे साठवणं ही जबाबदारी आहे. ती पेलणार असाल तरच घ्या.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

हे लिहून घ्या. कोटेशन आलं की त्याच कागदावर उत्तरं मागा, तोंडी नको.

१. कार्डात चिप कोणती? "आरएफआयडी आहे" हे उत्तर नाही. १२५ किलोहर्ट्झ, मायफेअर क्लासिक की डेस्फायर, नाव पाहिजे.

२. रीडर नुसता सीरियल नंबर वाचतो की कार्डाची गुप्त किल्ली तपासतो? विक्रेत्याला हा प्रश्नच कळला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

३. ती किल्ली कुणाची? फॅक्टरीतून आलेली, सगळ्या गिऱ्हाइकांना तीच, की आपल्यासाठी वेगळी घातलेली? आणि मशीनचा मास्टर कोड बदलून कोण देणार? फॅक्टरीचा मास्टर कोड माहितीपत्रकातच छापलेला असतो. तो तसाच ठेवणं म्हणजे पायपुसण्याखाली किल्ली ठेवणं.

४. दार उघडायचा निर्णय कुठे होतो? दाराबाहेरच्या डब्यातच सगळं असेल, तर स्क्रू काढणाऱ्याला कार्डाची गरजच पडत नाही. बाहेर फक्त रीडर आणि निर्णय घेणारा कंट्रोलर आत, अशी रचना मागा. रीडर आणि कंट्रोलरमधली वायर जुन्या विगँड पद्धतीची असेल तर तीतून नंबर उघडाच जातो. नव्या ओएसडीपी पद्धतीत तो कुलूपबंद करून पाठवता येतो. मोठ्या कामाला हे नक्की विचारा.

५. कार्ड हरवलं तर बंद कोण करणार, किती वेळात? तुम्हाला स्वतःला करता आलं पाहिजे. "फोन करा, आमचा माणूस येईल" ही व्यवस्था नाही. त्याच जोडीला अँटी-पासबॅक आहे का विचारा. म्हणजे एक कार्ड आत गेलं की बाहेर पडल्याशिवाय तेच कार्ड पुन्हा आत घेतलं जात नाही. त्याला दोन्ही बाजूला रीडर लागतो, पण फीच्या धंद्याला तो पैसे फेडून देतो.

विजेचं विसरू नका

आपल्याकडे दाराला लोहचुंबकाचं कुलूप लावतात, त्याला मॅग्नेटिक लॉक म्हणतात. वीज आहे तोवर ते धरून ठेवतं, वीज गेली की सोडतं. ही त्रुटी नाही. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ते असंच असायला हवं. पण याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. बॅटरी संपली की तुमचं दार उघडं.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, निम्मं शहर पाण्यात, कित्येक भागांत अनेक दिवस वीज नाही. चार-सहा तासांची बॅटरी अशा वेळी काय करणार? म्हणून बाहेरून शटर, शटरला चांगलं कुलूप, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे याची वही. जुनी पद्धत जुनी आहे म्हणून टाकायची नसते.

विकणाऱ्यांनो, यात धंदाही आहे

तुमच्यातले काही जण सीसीटीव्ही आणि कार्ड सिस्टीम बसवण्याचाच व्यवसाय काढणार आहेत. तुमच्यासाठी माझं मत अजून स्पष्ट आहे. बाजारात सगळे किमतीवर भांडतात. तू आठ हजारात देतोस, मी साडेसातमध्ये देतो. या भांडणात शेवटी कुणीच कमवत नाही.

तुम्ही कोटेशनच्या खाली तीन ओळी लिहा: "या सिस्टीममधलं कार्ड कॉपी होऊ शकतं. हजेरी आणि सोयीसाठी योग्य आहे. मौल्यवान वस्तू किंवा राहण्याच्या खोल्यांसाठी वरच्या दर्जाची सिस्टीम घ्यावी." आणि शेजारी दुसऱ्या सिस्टीमचा भाव द्या. काही गिऱ्हाईक जातील, खोटं बोलणार नाही. पण जो राहील तो तुम्हाला पुढच्या दोन दारांसाठीही बोलावेल, आणि काही झालंच तर तुमची कॉलर धरायला येणार नाही, कारण तुम्ही लेखी सांगितलं होतं. पाच वर्षांनी गावात तुमचं नाव "तो खरं सांगतो" म्हणून चालेल. ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

जुने किल्लीवाले काका अनोळखी माणसाला किल्ली करून देण्याआधी "घर कुणाचं?" विचारायचे. कार्डवाल्यांनीही विचारायला शिकलं पाहिजे. आपल्या हातात मशीन आलं, तशी जबाबदारीही आली.

या आठवड्याचं काम

ज्यांच्याकडे आधीच कार्ड सिस्टीम आहे त्यांनी तीन गोष्टी करा. खर्च शून्य.

एक, एनएफसी असलेला अँड्रॉइड फोन घ्या, एनएफसी चालू करा आणि तुमचं कार्ड फोनच्या पाठीला लावा. फोनला काहीच कळलं नाही, तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं आहे. फोनने प्रतिसाद दिला तर १३.५६ चं, मग विक्रेत्याला चिपचं नाव विचारा.

दोन, मशीनमधल्या चालू कार्डांची यादी काढा आणि प्रत्येक नावासमोर माणूस आज तुमच्याकडे आहे का ते तपासा. गेलेल्यांची कार्डं आजच बंद करा.

तीन, मास्टर कोड बदला आणि तो मशीनच्या डब्यावर पेनने लिहून ठेवू नका.

नवीन बसवणार असाल तर वरचे पाच प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि काय उत्तरं आली ते व्हिडिओखाली लिहून कळवा. विक्रेत्याचं नाव नको, उत्तरं हवीत. पुढच्या व्हिडिओत त्याच उत्तरांवर बोलू आणि कोणत्या दाराला किती खर्च योग्य याचा तक्ता करू.

तोपर्यंत, धंदा करा, हिशोब ठेवा, आणि रात्री शटर ओढून बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.